बाई आल्या

३ फेब्रुवारी

चि. बुटकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र येऊन पडलं होतं, पण उत्तर लिहायला मी घरात असायला हवी ना. ड्रायव्हिंगची शाळा बंद केल्यापासून घर खायला उठतं. खुर्चीत बसते, उठते, कपाट उघडते, कशासाठी उघडलं ते आठवत नाही म्हणून बंद करते, पुसलेला ओटा परत पुसते. मग हातात गाडीच्या चाव्या कधी येतात ते माझं मलाच कळत नाही. पायाला भिंगरी लागते म्हणतात, मला ती चार चाकांसकट लागली आहे.

शेवटच्या तुकडीने निरोपाला कॅमेरा दिला, हे तुला सांगितलं होतं. तो आता शेजारच्या सीटवर असतो. गंमत बघ, आयुष्यभर मी याच रस्त्यांवरून फिरले, पण शिकवणारीच्या सीटवर बसून. डोळे शिकणाऱ्याच्या पायांवर आणि आरशावर, आणि माझा पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवर. गाव असं कधी बघितलंच नाही. आता बघते. काही दिसलं की गाडी थांबवते, गियर न्यूट्रलला, हँडब्रेक वर, मगच कॅमेरा. समोरच्या काचेतूनच फोटो घेते, खाली उतरत नाही. उतरलं की लोक लगेच तोंड नीट करतात आणि पासपोर्टचा फोटो होतो.

सोबत काही पाठवते आहे. चावीवाला टपरीत चष्मा कपाळावर चढवून चष्मा शोधतोय. लाँड्रीवाली चादरीचं एक टोक दातात धरून घडी घालते आहे. न्हावी दारात उभा आहे, त्याने माझ्यासाठी हात वर केला आहे. हे सगळं बघताना तुला शाळेत जायचा रस्ता आठवेल. त्यात बघण्यासारखं काय आहे, असं विचारू नकोस. मलाही सांगता येणार नाही, पण बघत राहावंसं वाटतं एवढं खरं.

एक मात्र सांगते, नाहीतर तुला वाटेल की शाळा बंद झाल्यावर तुझ्या ताईला कोणी विचारत नाही. माझी गाडी आपल्या जुन्या बाजाराच्या गल्लीत शिरली की माणसं दुकानाच्या दारात येऊन उभी राहतात. बाई आल्या, बाई आल्या म्हणून एकमेकांना सांगतात, हात वर करतात, पोरांनाही आत घेऊन शिस्तीत उभं करतात. निम्म्या गल्लीला मीच शिकवलं आहे, ते काही फुकट गेलं नाही.

तुझ्या नवऱ्याला सांग की फोटोफ्रेमच्या दुकानात बसून पोट सुटतं. लोभ आहे तो वाढू दे, पोट नको.

तुझी
ताई

*

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोटो मिळाले. काउंटरवर मांडून ठेवले तर गिऱ्हाइकंसुद्धा स्वतःची फ्रेम घ्यायची विसरून तेच बघत बसली. ह्यांना लाँड्रीवाली फार आवडली. म्हणजे तिची चादर आवडली, असं त्यांनी घाईघाईने सांगितलं. पोटाबद्दलचा तुझा निरोप मी मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हापासून ते माझ्याशी श्वास आत ओढून बोलत आहेत.

मला न्हावी आवडला. त्याची पाटी मात्र तू अर्धी कापली आहेस आणि चावीवाल्याशेजारचा माणूस नुसता खांदा होऊन राहिला आहे. मला गाडी शिकवताना चारी बाजूंना बघ, चारी बाजूंना बघ म्हणून किंचाळायचीस, ती तूच ना? माझे पाय क्लचपर्यंत पोहोचत नव्हते आणि तुझा आवाज तीन गल्ल्या पोहोचत होता. म्हणून तर मी आजवर गाडीच्या वाटेला गेले नाही.

थट्टा पुरे. चार पानांच्या पत्रात डोळ्यांबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस. गेल्या महिन्यात डॉक्टरकडे जाणार होतीस. फोनवर विचारलं की दारात कोणीतरी आलंय म्हणून ठेवून देतेस. एवढी माणसं तुझ्या दारात येत असती तर तू घरात रमली नसतीस का? म्हणून पत्रात विचारते, पत्र काही मध्येच ठेवून देता येत नाही. तुला गाडी चालवायची परवानगी आहे का? हो की नाही, एवढंच लिही.

तू एकटी गाडीत आणि मी इथे दिवसभर काचा कापत, माझा जीव थाऱ्यावर नाही. काल एका लग्नाच्या फोटोची काच चक्क दोनदा चुकीची कापली.

आईबाबांच्या पाठीमागे मला तूच आहेस, हे तुला रागावून लिहायला लागू नये.

लोभ आहेच, उत्तर येऊ दे.

तुझी
बुटकी

*

२० फेब्रुवारी

चि. बुटकीस,
अ. उ. आ.

नाही. झालं समाधान?

डॉक्टरने परवानगी दिलेली नाही. काचबिंदू आहे. थेंब दिले आहेत, ते घालते. एका यंत्रात हनुवटी टेकवून बसायचं आणि ठिपका चमकला की बटण दाबायचं. मला परीक्षा घ्यायची सवय, द्यायची नाही. मी आपली वाट बघत बसले होते की हा माणूस कडेचे ठिपके दाखवायला सुरुवात कधी करणार, आणि त्याने सांगितलं की संपलं. कडेचं गेलं आहे म्हणतो. गेलेलं परत येत नाही, आणि उरलेलं किती दिवस राहील ते सांगता येत नाही. बोलताना गाडीचं नाव त्याने असं काढलं, जसं मी सिगारेट ओढते.

पण मधलं मला लख्ख दिसतं. तुझ्यापेक्षा चांगलं दिसतं. आणि गाडी पुढे जाते, बाजूला जात नाही. मी हळू चालवते, इतकी हळू की चालणारा माणूस पुढे निघून जाईल. आजवर कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तेव्हा उगाच डोकं पिकवू नकोस आणि लोकांच्या लग्नाच्या काचा नीट काप.

खरं सांगू? घरी बसलं की मी डोळ्यांचाच विचार करते. हात बाजूला धरून कुठपर्यंत दिसतो ते बघत बसते. वेड लागायची वेळ येते. गाडीत बसले की बरं वाटतं, कारण तिथे मला काय करायचं ते माहीत असतं. मधलंही एक दिवस जाणार आहे, बुटके. त्याआधी मला सगळं बघून घ्यायचं आहे, चावीवाला, चादरी, बसची वाट बघणारी माणसं, सगळं. मला भीती वाटते. समोर असतीस तर बोलले नसते, पत्र म्हणून लिहून गेले. गाडी सोडली तर मी कोण उरते ते तूच सांग.

असो. सोबतचा बेकरीचा फोटो मोठा करून घेतला आहे, तो तुझ्या हातची फ्रेम लावून पाठव. शटर अर्धं वर गेलं आहे, आतल्या दिव्याचा उजेड रस्त्यावर आला आहे आणि बेकरीवाला डोक्यावर पावांचा ट्रे घेऊन वाकून बाहेर येतो आहे. असा फोटो मला पुन्हा मिळायचा नाही. तो दिसला म्हणून मी करकचून ब्रेक दाबला. त्याच वेळी कुणीतरी बॉनेटवर थाप मारून गेलं. काचा वर होत्या, रेडिओ चालू होता, इकडेतिकडे पाहिलं तर कोणीच नाही. हल्ली लोकांना घाई फार आणि हात मोकळे सोडल्यासारखे. मी लक्ष दिलं नाही, फोटो काढला.

खाटेसमोरच्या भिंतीवर लावणार आहे. लोभ कर, उपदेश आवर.

तुझी
ताई

*

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रातलं भीतीचं वाक्य वाचून मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन रडले. तू कधीच असं लिहीत नाहीस. तेव्हा ठरवलं की तुझ्या फोटोला आमच्याकडची सगळ्यात चांगली फ्रेम लावायची आणि या पत्रात तुला काही म्हणजे काही बोलायचं नाही. ते आता जमणार नाही.

आमचं काम तुला माहीत आहे. फोटोवर जाड कागदाचा माउंट येतो आणि त्याची खिडकी फोटोपेक्षा दोन बोटं लहान कापतात, म्हणजे फोटोच्या कडा तिच्याखाली झाकल्या जातात. मी क्रीम रंगाचा माउंट कापला, वर ठेवून पाहिला. ताई, फार सुंदर दिसत होता. तो उजेड, तो ट्रे, वाकलेला बेकरीवाला. ह्यांना बोलावून दाखवला. मग मागून पट्टी चिकटवायला म्हणून माउंट उचलला आणि पहिल्यांदा फोटोच्या कडेकडे लक्ष गेलं. तोवर मीही मधलंच बघत होते.

खाली डाव्या कोपऱ्यात तुझ्या गाडीच्या बॉनेटचा तुकडा आला आहे. त्यावर एक हात आहे. पंजा पूर्ण पसरलेला, बोटं ताठ. हाताच्या वर बाईचा अर्धा चेहरा आहे, तरुण आहे, तोंड उघडं आहे. ती ओरडते आहे. दुसरा हात तिने मागे टाकला आहे आणि त्या हातात बाबागाडीचा दांडा आहे. बाबागाडी तुझ्या बॉनेटच्या कडेपलीकडे तिरकी झाली आहे.

मी भिंग घेऊन बघितलं, ह्यांनी बघितलं.

तू तिला पाहिलं नाहीस. ती तुझ्या गाडीला हात लावून उभी होती, तू इकडेतिकडे पाहिलंस आणि तुला कोणीच दिसलं नाही. त्या बाईसमोर बसून तू फोटो काढलास.

हा फोटो मी फ्रेम करणार नाही. परत पाठवते आहे. भिंग घे, उजेडात धर आणि कोपरा मधे आणून बघ. तू मला विचारलंस, गाडी सोडली तर मी कोण उरते. तू माझी ताई उरतेस. नाही सोडलीस आणि उद्या कुणाचं लेकरू गेलं, तर मात्र कोण उरशील ते मला लिहिताही येत नाही.

रागावलीस तरी लोभ तोडू नकोस.

तुझी
बुटकी

*

९ मार्च

चि. बुटकीस,
आशीर्वाद. (अनेक आणि उत्तम आज शिल्लक नाहीत.)

फोटो पाहिला. कोण कुठली बाई माझ्या थांबलेल्या गाडीला टेकून कुणाला तरी हाक मारत असेल, तर त्यात माझा काय दोष? चार पोरांची आई असल्यासारखं मला शिकवू नकोस. तुला साधा रिव्हर्स गियर टाकता येत नव्हता. तुमच्या गावात बसून तुम्हा दोघांना आमच्या गल्लीत काय झालं ते कळतं, आणि मला गाडीत बसून कळत नाही, वा!

यापुढे फोटो पाठवणार नाही, म्हणजे तुला भिंगाचा त्रास नको.

ताई

*

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्याशी भांडायचं नाही. फक्त एक विचारते.

तुझे आजवरचे सगळे फोटो मी कामाच्या मोठ्या टेबलावर मांडले. पुन्हा काही सापडतंय का म्हणून प्रत्येकाचे चारी कोपरे भिंगाखाली बघितले. सापडलं नाही. पण दुसरंच दिसलं. बेकरीचा सोडला तर एकाही फोटोत रस्त्यावर माणूस नाही. बाजाराची गल्ली, भर दिवसा, आणि सगळे कडेला, पायरीवर, दारात. पोरंसुद्धा दाराच्या आत. आणि बहुतेक सगळे तुझ्या गाडीकडे बघत आहेत. न्हाव्याने हात वर केला आहे खरा, पण मान वळवून तो दुसऱ्याच कुणाला तरी काही सांगतो आहे.

आपण लहान होतो तेव्हा त्या गल्लीतून सायकल हातात धरून न्यावी लागायची, इतकी गर्दी. ती माणसं कुठे गेली, ताई? मला माहीत नाही म्हणून विचारते. तू तिथे आहेस, तू विचार.

रागातसुद्धा लोभ असतो, त्या भरवशावर लिहिते.

तुझी
बुटकी

*

२८ मार्च

चि. बुटकीस,
अ. उ. आ. (मागच्या पत्रातले राहिलेलेही यात धर.)

तुझं पत्र आलं त्या दिवशी अंगाचा नुसता तिळपापड झाला. ते घेऊन गाडीतच बसले, खोटं कशाला सांगू. तुझं म्हणणं खोडून काढायचं म्हणून थेट बेकरीवर गेले आणि बेकरीवाल्यासमोर तो फोटो ठेवला. हा म्हणजे माझा जुना विद्यार्थी, ज्याला मी परीक्षेला पाठवायलाच तयार नव्हते. त्याने फोटो पाहिला आणि फडक्याला हात पुसायला लागला. इतका वेळ पुसले की मला कळून चुकलं.

मी खडसावून विचारल्यावर बोलला. गेल्या वर्षी मी म्हणे चावीवाल्याची पाटी पाडली आणि तशीच पुढे निघून गेले. मागून सगळे ओरडले, मी वळून पाहिलं नाही. तेव्हापासून गल्लीने आपसात ठरवलं. माझी गाडी ज्याला आधी दिसेल त्याने बाई आल्या म्हणून आवाज द्यायचा. मग दुकानादुकानातून निरोप पुढे जातो, रस्त्यावरचे कडेला होतात, पोरांना आत ओढतात. हात वर करतात ते पुढच्याला इशारा म्हणून. आणि मी, बुटके, त्यांना उलट हात करत होते.

मला का नाही सांगितलं विचारलं, तर म्हणाला की ज्यांनी आम्हाला गाडी शिकवली त्यांना आम्ही कसं सांगायचं. तुम्हाला वाईट वाटलं असतं. मला वाईट वाटू नये म्हणून अख्खी गल्ली वर्षभर भिंतीला चिकटून चालली.

आणि ती बाई. ती त्याची सून आहे. बाळंतपणानंतर नुकतीच, पहिल्यांदाच इथे राहायला आली होती. नव्या माणसाला हे सगळं सांगायचं कुणाला सुचलंच नाही, म्हणून एकटी तीच रस्त्यात होती. ती ओरडली तेव्हा सासऱ्यानेच तिला गप्प केलं, बाई आहेत म्हणून.

आमचं बोलणं ऐकून ती बाहेर आली. मला वाटलं मला बोलेल, आणि मला ते हवं होतं. पण तिने माझ्याकडे पाहिलं आणि खांद्यावरचं बाळ काढून दुसऱ्या खांद्यावर घेतलं, माझ्यापासून लांबच्या.

मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. भर बाजारात. आईबाबा गेले तेव्हा जे रडले नव्हते तेही बहुतेक त्यात होतं. तिची माफी मागितली. तिने मान हलवली, पण माफ केलं का ते मला कळलं नाही आणि तिने करावं असा माझा हट्टही नाही. मग डोळे पुसून बेकरीवाल्याला मात्र सुनावलं, की तुम्ही सगळेच्या सगळे नापास. चुकतंय हे दिसत असून शेजारी बसून ब्रेक दाबला नाही, तर शेजारी बसलात कशाला?

किल्ली त्याच्या हातात दिली. तो मला घरी घेऊन आला. मी माझ्या जुन्या सीटवर बसले होते आणि वाटभर पाय माझ्या ब्रेकवर ठेवला होता. तो अजूनही तिसरा गियर उशिरा टाकतो. मी काही बोलले नाही. म्हणजे दोनदाच बोलले. गाडी आता त्याच्याकडे आहे, पाव पोहोचवायला वापरणार आहे. ती वळणावरून गेली तेव्हा मी खिडकीत उभी होते आणि माझे हातपाय काढून नेल्यासारखं झालं. अजून होतं. सकाळी हात आपोआप किल्लीच्या खुंटीकडे जातो आणि रिकामा परत येतो. घरात फेऱ्या मारून फरशी झिजवली आहे. तू विचारशील म्हणून आधीच लिहिते, ठीक नाही मी. पण पुन्हा डॉक्टरकडे गेले, आणि या वेळी ठिपक्यांच्या परीक्षेत भांडले नाही.

परवा घरात बसवेना तेव्हा कॅमेरा गळ्यात अडकवला आणि पायी निघाले. चालत गेलेल्या बाईला कोण ओळखतंय? गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले. कुणी आवाज दिला नाही, कुणी वळून पाहिलं नाही. तिथूनच हा फोटो घेतला. कोपरेही नीट बघ, या वेळी मी मान फिरवून बघितले आहेत. लाँड्रीवाली आणि न्हाव्याची बायको भर रस्त्यात चादर ताणून धरून उभ्या आहेत आणि माणसं चादरीखालून वाकून जात आहेत. पोरांनी खडूने रस्ता भरून टाकला आहे. दोन म्हातारे बरोबर मधोमध थांबून भांडत आहेत, कुत्रं आडवं झोपलं आहे. बेकरीवाल्याची सून बाबागाडी घेऊन त्या सगळ्यातून चालली आहे आणि तिला कसलीही घाई नाही.

इतकी माणसं या गल्लीत राहतात, हे मला माहीतच नव्हतं.

जमलं तर चार दिवस ये. लोभ राहू दे, मला त्याची गरज आहे.

तुझी
ताई